छाटणीआधी तहान, छाटणीनंतर कोरड

या वेळी आलेली बहुतेक पत्रे सक्युलंटच्या, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवून ठेवणाऱ्या मांसल झाडांच्या, छाटणीविषयी आहेत. विषय एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांचे जेडचे झाड आहे. ते खिडकीपासून बरेच आत, एका टेबलावर असते. गेल्या दोन वर्षांत ते उंच होत गेले, फांद्या मात्र हडकुळ्या राहिल्या, आणि आता सगळा भार एका बाजूला झुकल्यामुळे कुंडी कलंडते. छाटावे असे वाटते, पण हात धजत नाही. कुठे कापावे, किती कापावे आणि कापलेल्या जागी खरोखरच फुटवे येतात का?

उत्तर : झाड निरोगी असेल तर फुटवे येतातच, त्याविषयी मनात शंका ठेवू नये. वाढत्या फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते, ते खाली उतरत जाते आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांची, म्हणजे सुप्त अंकुरांची, वाढ रोखून धरते. शेंडा शाबूत असतो तोवर फांदी सरळ पुढे पळत राहते आणि डोळे निजलेले राहतात. शेंडा गेला की ही अटकाव करणारी शक्ती संपते आणि कापाच्या लगेच खालचे डोळे जागे होतात. जेडची पाने समोरासमोर जोडीने येत असल्यामुळे एका कापाखाली बहुधा दोन फुटवे निघतात, म्हणजे एका फांदीच्या दोन होतात. दाट, डेरेदार दिसणाऱ्या जेडचे शेंडे कोणीतरी वर्षानुवर्षे खुडलेले असतात.

आता कुठे कापावे ते पाहू. एखादी फांदी उजेडात धरून निरखली, तर खोडावर ठरावीक अंतराने कड्यासारखे बारीक आडवे वळ दिसतात, बोटातली घट्ट अंगठी काढल्यावर उमटलेला वळ दिसावा तसे. त्या प्रत्येक वळाच्या जागी कधीकाळी पानांची एक जोडी होती. हे झाडाचे पेर, आणि दोन पेरांमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडे. डोळे पेरावर असतात, कांड्यावर नसतात. म्हणून पेराच्या वर ३ ते ५ मिलिमीटर जागा सोडून आडवा काप घ्यावा. वर उरलेला तो लहानसा तुकडा पुढच्या काही आठवड्यांत सुरकुततो, वाळतो आणि पेराशी आपोआप गळून पडतो. तो ओढून काढण्याची घाई करू नये. काप नेमका वळावर गेला तर डोळाच कापला जाण्याची भीती असते, आणि फार वर गेला तर लांबलचक वाळका खुंट कित्येक महिने नजरेला खुपत राहतो.

यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. जेडच्या पानांची प्रत्येक जोडी तिच्या खालच्या जोडीशी काटकोन करते. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर तिच्या खालची दक्षिण-उत्तर असते. फुटवे पानांच्या बगलेतून निघत असल्यामुळे तेही त्याच दिशांना जातात. ज्या पेराची पाने झाडाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून आहेत, त्यावर कापले तर एक फुटवा हमखास झाडाच्या मध्यात घुसतो, दुसऱ्या फांद्यांना घासतो आणि दोन वर्षांनी तोही कापावा लागतो. त्याऐवजी एक पेर वर किंवा खाली सरकून, जिथे पाने डावी-उजवीकडे आहेत तिथे काप घेतला, तर दोन्ही फुटवे मोकळ्या जागेत पसरतात. फांदीवरची पाने गळून गेली असली तरी वळाच्या दोन बाजूंच्या खुणांवरून ही दिशा ओळखता येते. प्रत्येक कापापूर्वी यासाठी अर्धा मिनिट द्यावा. पुढची कितीतरी छाटणी त्यामुळे वाचते.

मात्र कात्री हाती घेण्यापूर्वी आपल्याच पत्रातल्या एका वाक्याकडे परत जायला हवे : झाड खिडकीपासून बरेच आत आहे. हडकुळेपणाचे मूळ तिथे आहे. उजेड कमी पडला की झाड उजेडाच्या शोधात कांडी लांबवते, पाने विरळ आणि पातळ होतात, खोडाला जाडी येत नाही, आणि लांबलेले कांडे नंतर कितीही ऊन दिले तरी आखूड होत नाही. छाटणीने हे कांडे काढून टाकता येते, पण जागा तीच राहिली तर नवे फुटवेही तसेच लांबतील आणि पुढच्या वर्षी आपण मला हेच पत्र पुन्हा लिहाल. म्हणून आधी झाड खिडकीशी आणावे. दिवसातून चार तास तरी थेट ऊन मिळेल अशी जागा असावी, पण आतल्या उजेडाची सवय असलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवले तर पानांवर तपकिरी चट्टे पडतात. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने सरकवत न्यावे. आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवावी, म्हणजे झाड एका बाजूला झुकत नाही. नव्या जागी शेंड्याला ताजी, जवळजवळची पाने दिसू लागली की झाड छाटणीला तयार आहे असे समजावे.

हंगाम झाडाच्या वाढीचा असावा. हवा उबदार आणि कोरडी असताना, दिवस मोठे होत असताना छाटलेले जेड लवकर सावरते. कडाक्याच्या थंडीत जखम उघडी राहते, कारण झाड त्या वेळी जवळजवळ थांबलेले असते, आणि सततच्या दमट, पावसाळी हवेत जखम सुकत नाही.

जखम सुकणे हा इथला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. गुलाबाची किंवा जास्वंदीची छाटणी करणाऱ्याला सवय असते की छाटले की खत घालावे आणि भरपूर पाणी द्यावे. जेडच्या बाबतीत हीच सवय घात करते. या झाडाचे खोड आणि पाने पाण्याने गच्च भरलेली असतात. ती भरलेली असताना कापले तर जखमेतून पाणी पाझरत राहते, आणि ओल्या जखमेवर बुरशीला आयती जागा मिळते. म्हणून छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद ठेवावे. तहान लागलेल्या जेडचे पान बोटांत धरून हलकेच दाबले तर ते किंचित लवते. काठोकाठ भरलेले पान लवत नाही. पान लवू लागले की छाटणी करावी. अशा वेळी काप जवळजवळ कोरडा राहतो आणि काही दिवसांतच त्यावर खपली धरते.

छाटणीनंतरही किमान आठवडाभर पाणी देऊ नये, आणि त्यानंतर देतानाही पूर्वीपेक्षा कमी वेळा द्यावे. याचे कारण साधे आहे. पाणी पिणारी मुळे तेवढीच आहेत, पण पाणी वापरणारी पाने कमी झाली आहेत. त्यातून ही झाडे मुळातच पाणी फार जपून खर्च करतात : दिवसा पानांवरची रंध्रे मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी वापरतात. या पद्धतीच्या शास्त्रीय नावात जेडच्याच कुळाचे, क्रॅस्युलेसीचे, नाव आहे. अशा काटकसरी झाडाची एक तृतीयांश पाने काढून नेहमीइतकेच पाणी घातले तर कुंडीतली माती ओलीच राहते आणि मुळे कुजू लागतात. छाटणीमुळे जेड मेले असे सांगणाऱ्यांचे झाड पुष्कळदा छाटणीनंतरच्या पाण्याने मेलेले असते.

किती कापावे? एका वेळी एकूण पसाऱ्याचा पाव भाग कापावा. झाड धडधाकट असेल तर एक तृतीयांशापर्यंत जाता येते. निरोगी जुने जेड याहून कठोर छाटणीही सोसते, पण सहा वर्षे कमी उजेडात काढलेल्या झाडाकडून ती अपेक्षा ठेवू नये. आधी वाळलेल्या आणि सुरकुतलेल्या फांद्या काढाव्यात, मग एकमेकींवर घासणाऱ्यांपैकी अशक्त असेल ती, आणि त्यानंतर भार वाहणारी झुकलेली बाजू. प्रत्येक दोन-तीन कापांनंतर चार पावले मागे जाऊन झाड पाहावे. जवळून दिसणारा तोल आणि लांबून दिसणारा तोल यांत फार फरक असतो. कुंडी प्लॅस्टिकची आणि हलकी असेल तर याच हंगामात झाड मातीच्या जड, रुंद बुडाच्या कुंडीत हलवावे, पण छाटणी आणि कुंडीबदल एकाच दिवशी करू नये.

हत्यार धारदार हवे. बोथट कात्री मऊ खोड कापण्याऐवजी चिरडते, आणि चिरडलेला भाग सुकत नाही, सडतो. करंगळीएवढ्या फांदीला धारदार चाकू पुरतो, त्याहून जाड फांदीला छाटणीची कात्री घ्यावी. पाती आधी स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्यावीत. कोवळे शेंडे नखाने खुडले तरी चालतात.

फुटवे तीन ते सहा आठवड्यांत दिसू लागतात. वळाच्या बाजूला आधी टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा किंवा लालसर फुगीर ठिपका येतो, आणि त्यातूनच दोन इवली पाने उमलतात. तो ठिपका पहिल्यांदा दिसतो त्या दिवसाचा आनंद काही निराळाच असतो. फुटव्यावर पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की त्याचाही शेंडा खुडावा. झाड दाट होते ते या दुसऱ्या खुडणीने.

जाता जाता : आपल्या झाडाची पाने नखाएवढी, गोलसर आणि फांद्या लालसर, लवचीक असतील, तर ते जेड नसून पोर्टुलाकारिया आफ्रा असण्याचा संभव आहे. तेही जेड म्हणूनच विकले जाते. त्याच्या मूळ भूमीत, दक्षिण आफ्रिकेत, हत्ती ते ओरबाडून खातात आणि ते पुन्हा फुटते, यावरून त्याची सोसण्याची ताकद ध्यानात यावी. त्याला वर्षातून अनेकदा कात्री लावली तरी चालते.

प्रश्न : मी जेडची छाटणी केली आणि आठवड्याभरात कापलेल्या फांद्यांपैकी दोन टोकाकडून मऊ आणि काळ्या पडत खाली येऊ लागल्या. कापावर कोणती पूड लावायला हवी होती?

उत्तर : पुडीने हे टळले असतेच असे नाही. दालचिनीची किंवा कोळशाची पूड अनेकजण लावतात, त्याने अपाय होत नाही, पण कोरडी हवा आणि कोरडी माती यांची जागा कोणतीही पूड घेऊ शकत नाही. आपण छाटणीच्या आदल्या दिवशी पाणी घातले होते का, किंवा नंतर झाडावर पाणी फवारले का, हे आठवून पाहावे. माझ्या एका जुन्या जेडच्या बाबतीत हेच घडले होते. पाणी घातल्यावर दोनच दिवसांनी, हवा दमट असताना, मी त्याची एक मनगटाएवढी फांदी कापली. वरून जखम सुकल्यासारखी दिसत होती, पण पंधरा दिवसांनी खोड अंगठ्याने दाबले तर आत भुसभुशीत लागले. अर्धे झाड गमवावे लागले, आणि त्याची खंत आजही आहे.

आता काय करावे ते सांगते. सड दिसते त्याच्या दोन पेरे खाली काप घ्यावा आणि कापाचा तळ पाहावा. निरोगी खोडाचा आडवा छेद सगळीकडे सारखा, फिकट हिरवा किंवा पांढरट आणि घट्ट असतो. त्यात तपकिरी ठिपके किंवा तपकिरी कडे दिसले तर सड अजून खाली आहे असे समजावे आणि आणखी एक पेर खाली उतरावे. असे स्वच्छ छेद लागेपर्यंत करावे, आणि प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे. हे पुसणे टाळले तर चाकूच सड खाली घेऊन जातो. स्वच्छ छेद लागल्यावर झाड वारा खेळत्या, उजेडाच्या पण थेट उन्हाच्या नसलेल्या जागी ठेवावे आणि दोन आठवडे पाणी देऊ नये. पाने सुरकुतली तरी धीर धरावा; सुरकुतलेले जेड पाण्याने पुन्हा भरते, सडलेले भरत नाही. सड बुंध्यापर्यंत पोहोचली असेल तर वरच्या निरोगी फांद्या वेळीच काढून त्यांची रोपे करावीत.

प्रश्न : कापलेल्या फांद्या टाकून द्यायला जीव होत नाही. त्या पाण्यात ठेवाव्यात का?

उत्तर : पाण्यात मुळे फुटतात, पण ती नाजूक असतात आणि मातीत हलवताना रोप पुन्हा अडखळते. मातीतच लावणे चांगले. बोटाएवढी, म्हणजे ७ ते १० सेंटिमीटरची काडी घ्यावी, खालच्या दोन जोड्या पाने काढावीत आणि काडी सावलीत, कागदावर, चार-पाच दिवस नुसती पडू द्यावी. जाड काडीला आठ-दहा दिवस लागतात. कापावर बोट फिरवल्यावर तो कोरडा आणि टणक लागला की लहान कुंडीत, निम्म्याहून अधिक भरड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) असलेल्या मिश्रणात लावावी. लावल्यावर पाणी देण्याचा मोह आवरावा. पहिले पाणी आठवड्याने, तेही थोडे. दोन ते चार आठवड्यांनी काडी हलकेच ओढून पाहिली आणि ती अडली, तर मुळे धरली असे समजावे. काढलेली पानेही कोरड्या मातीवर नुसती ठेवली तर त्यांना आधी मुळे आणि मग इवले रोप येते, पण त्याला काही महिने द्यावे लागतात. पान देठाशी अखंड निघालेले असावे.

काड्या लावण्यापूर्वी पानांच्या बगला तपासाव्यात. तिथे कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते टिपून काढावेत आणि ती काडी आठवडाभर इतर झाडांपासून लांब ठेवावी.

प्रश्न : स्नेक प्लांटच्या पानांची टोके वाळली म्हणून मी ती सरळ कापली. आता पाने पुढे वाढतच नाहीत.

उत्तर : ती वाढणार नाहीत. या झाडाचे पान बुडाकडून वाढते. टोक एकदा गेले की त्या पानाची उंची तिथेच थांबते, आणि जेडसारखे डोळे पानावर नसल्यामुळे फुटवाही येत नाही. म्हणून या झाडाची छाटणी म्हणजे नको असलेले अख्खे पान मातीलगत कापणे. केवळ टोक वाळले असेल तर पानाच्या आकाराला धरून तिरके कापावे आणि वाळलेल्या भागाची केसाएवढी कड तशीच ठेवावी, म्हणजे जिवंत भागाला नवी जखम होत नाही. पिवळ्या कडेच्या जातीचे पान कापून लावले तर येणारे रोप बहुधा निव्वळ हिरवे निघते; पिवळी कड हवी असेल तर मुळाशी आलेले नवे कोंब कंदासह वेगळे करावेत.

प्रश्न : एचेव्हेरियाचा गुलाबासारखा दिसणारा पानांचा गुच्छ उंच दांड्यावर गेला आहे आणि खालची पाने वाळली आहेत. ते कापणे क्रूरपणाचे वाटते.

उत्तर : आपली भावना समजते, पण झाडाच्या दृष्टीने ती नवी सुरुवात असते. पानांच्या गुच्छाखाली तीन सेंटिमीटर दांडा ठेवून धारदार चाकूने शेंडा वेगळा करावा, चार-पाच दिवस सुकवावा आणि नव्या मिश्रणावर बसवावा. जुना दांडा फेकू नये. त्यावर दोन-चार पाने शिल्लक असतील तर उत्तम. कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवल्यास काही आठवड्यांत त्यावर लहान लहान गुच्छांची रांग येते. खालची वाळलेली पाने मात्र छाटणीशिवायही वेळोवेळी काढावीत, कारण त्यांच्या आड ओल साचते.

प्रश्न : युफोर्बिया छाटताना निघणारे दूध अपायकारक असते का? घरात लहान मूल आणि मांजर आहे.

उत्तर : होय, आणि याबाबत हयगय करू नये. युफोर्बिया मिली, शेर आणि त्यांच्या इतर भावंडांच्या दुधाने त्वचेची आग होते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर दाह होतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, खाली वर्तमानपत्र पसरावे, मूल आणि मांजर त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे. कापावर गार पाणी शिंपडले की दूध वाहणे थांबते. यानंतर जखम नेहमीप्रमाणे सुकू द्यावी. हात साबणाने धुईपर्यंत चेहऱ्याला लावू नयेत. डोळ्यांत थेंब गेलाच तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. अडेनियमचा चीकही विषारी असतो. जेडला चीक नसतो, पण त्याची पाने खाल्ल्यास मांजराला आणि कुत्र्याला उलट्या होतात, म्हणून छाटलेला पाला लगेच उचलावा.

प्रश्न : दर वर्षी हिवाळा तोंडावर आला की मी जेडला नीट आकार देते. झाड सुंदर आहे, पण दहा वर्षांत एकदाही फूल आले नाही.

उत्तर : कारण आपल्या प्रश्नातच आहे. जेडची चांदणीसारखी पांढरी-गुलाबी फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, आणि कळ्या धरतात ते दिवस लहान होऊ लागल्यावर, रात्री गार आणि माती कोरडी असताना. नेमक्या त्याच वेळी आपण शेंडे कापून टाकता. यंदा त्या दिवसांत कात्री बाजूला ठेवावी, पाणी निम्म्यावर आणावे, आणि झाड रात्री दिव्याचा उजेड पडणार नाही अशा गार खिडकीत ठेवावे. फुले आली तर ती सुकल्यावर देठाखाली एक-दोन पेरे उतरून छाटावे. आली नाहीत तर हवा उबदार होण्याची वाट पाहून छाटावे, आणि पुढच्या कळ्यांच्या हंगामापूर्वी तीन-चार महिने तरी शेंड्यांना हात लावू नये.